सात नंबरची नक्कल

१

ही हकिकत मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. बायकोला सांगितली तीही अर्धी, आणि ती अर्धीसुद्धा माझ्या सोयीची. आता सत्तरी उलटली, दात गेले, खोटं बोलायची हौसही गेली. तेव्हा सांगतो. यात एक माणूस पहिल्यापासून लबाडी करतो आहे. वाचणाऱ्यानं त्याला लवकर पकडलं तर मला वाईट वाटणार नाही. गावाचं नाव तेवढं विचारू नका. इस्लामपूरपासून सायकलनं तासाभरावरचं, कृष्णाकाठचं, उसातलं गाव, एवढं पुरे. लाज माझी आहे, गावाची नाही.

एकोणीसशे चौसष्टचा जानेवारी, शुक्रवार. सोमवारी सांगलीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. आमच्या शाळेचा विषय होता 'जीवाश्म : खरे आणि घरी केलेले'. विषय माझा. मी विज्ञान शिकवायचो. नाव नलवडे, मूळचा शिरवळचा, वय तेव्हा एकतीस आणि डोक्यात हवा.

त्या सकाळी लालासाहेब सुभेदार शाळेत आले. पलटणीत वीस वर्षं काढून आलेला माणूस, आता शाळा कमिटीचे चेअरमन. मिशा पांढऱ्या, आवाज बारीक. ते कधी ओरडायचे नाहीत, म्हणून सगळे त्यांना टरकून असायचे.

"मास्तर, त्यो दगड दावा बघू. सांगलीला जायच्या आधी एकदा हातात घेऊन बघावा म्हणतो."

मी कपाटातली लाकडी पेटी काढून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत लाल फडक्यावर दगड होता. मुठीत मावेल एवढा, काळा, गोगलगाईसारखे वेढे असलेला. सुभेदारांनी तो तळहातावर तोलला.

"वजन तर बरुबर हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी दगड उलटा केला. खालचं लाल फडकं दगडाएवढ्या जागेत तपकिरी झालं होतं. त्यांनी दगडाचा वास घेतला आणि तळावर अंगठ्याचं नख ओढलं. पांढरी रेघ उमटली.

"मास्तर, दगडाला नखाचा ओरखडा पडतुया व्हय?"

ते प्लास्टर होतं. काल सकाळी मीच खरा दगड पुसून पेटीत ठेवला होता, आता तो गेला होता आणि त्याच्या जागी नक्कल बसली होती. हेडमास्तर खुर्चीतून उठले ते तसेच उभे राहिले. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक हेडमास्तरांच्या कमरेला, दुसरी झाडलोटीसाठी शिपाई अर्जुनाकडे.

"अर्जुनाला बोलवा," मी म्हणालो.

अजून कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. सगळ्यांच्या आधी हे मी बोललो, आणि पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी झालं.

२

तो दगड आमचा नव्हताच. तो येसूबाईंचा. म्हणजे त्यांच्या धनाजीचा.

धनाजी फौजेत होता, लडाखकडे. त्याची पत्रं यायची ती येसूबाईंना मी वाचून दाखवायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि माझी खोली त्यांच्याच आळीला होती. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'आई, सुट्टीत इकडचे डोंगर हिंडलो. इथं दगडात शंख सापडतात. पूर्वी इथं समुद्र होता असं आमचे साहेब सांगतात. एक तुझ्यासाठी ठेवलाय.' बासष्टच्या कार्तिकात तो पडला. देह आला नाही. ट्रंक आली. ट्रंकेत दोन सदरे, एक कंगवा आणि हा दगड.

पुढच्या श्रावणात मी तो मागायला गेलो.

"मावशी, महिनाभर द्या. पोरांना दाखवतो. असला दगड अख्ख्या जिल्ह्यातल्या शाळेत नसेल."

"न्या की. माझ्या लेकाचा दगड पोरांनी बघितला तर मला गोडच वाटंल," त्या म्हणाल्या. "कार्तिकात त्याचं वरीस हाय, तवर आणून द्या."

मग आम्ही धडाका लावला. मुलांनी पिंपळाची पानं, कृष्णेतले शिंपले, कोंबडीची हाडं आणली. शाडूच्या गोळ्यात ती दाबायची, वर मिरजेहून आणलेलं प्लास्टर कालवून ओतायचं. घट्ट होताना ते गरम होतं. मुलं हात लावून बघायची आणि मी रसायनशास्त्र सांगायचो. खऱ्या दगडाला खोबरेल चोळून त्याचा शाडूचा दोन भागांचा साचा आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी, भाऊसोंनी, काढला आणि कुंभाराच्या आव्यात भाजून घेतला. त्यातून नकला निघाल्या. त्यांना काजळी आणि चहाचं पाणी लावून वरून रोगण द्यायचं काम माझं. लांबून बघितलं तर आईनं लेकरू ओळखू नये अशा वठल्या.

ही उपमा तेव्हा मी वर्गात हसत हसत दिली होती.

प्रयोगाच्या वहीत सात नकलांची नोंद होती. तळाला खिळ्यानं नंबर कोरलेले. एक ते सहा कपाटाच्या खालच्या फळीवर. सातवीपुढं शेरा होता, 'काढताना फुटली.'

शुक्रवारी आम्ही मोजल्या तेव्हा फळीवर सहाच्या सहा होत्या. मग पेटीतली ही कुठली? तिच्या तळाला नंबर नव्हता. तळ मऊ पडून खरवडल्यासारखा झाला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिला हाकलून लावलं.

३

अर्जुना आला. पंचविशीचा, शांत. त्याच्या वस्तीतून शाळेत नोकरीला लागलेला पहिला माणूस. त्याच्या वडलांनी पोराला सातवीपर्यंत शिकवलं, मग छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली आणि घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या. नोकरीचा कागद आला त्या दिवशी म्हाताऱ्यानं तो शाळेत आणून सगळ्यांना दाखवला होता.

"काल दुपारी कपाट कुणी उघडलं?" सुभेदारांनी विचारलं.

"मी उघडलं, साहेब."

"कशाला?"

अर्जुनानं खाली बघितलं. "ते मी सांगनार न्हाई."

"दगड तू घेतलास?"

"न्हाई. चोरी केली न्हाई, एवढंच सांगतो."

माझा तोल गेला. गेला म्हणजे मी तो जाऊ दिला. "ह्यांच्या हातात किल्ली देऊ नका, असं मी आधीच म्हणत होतो," मी ओरडलो.

'ह्यांच्या.' एकट्या अर्जुनाबद्दल बोलताना मी अनेकवचन वापरलं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं. खरं म्हणजे मी असं आधी कधीही म्हटलेलं नव्हतं. ते मी त्या क्षणी जुळवलं. अर्जुनानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. डोक्यावरचं ओझं सांभाळत उभ्या असलेल्या माणसासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

हेडमास्तर म्हणाले, पोलिसांत द्यावं. सुभेदार म्हणाले, थांबा.

"परवा रविवारी कमिटी बसंल. तवर दगड घावला न्हाई तर अर्जुनाची नोकरी जाईल आन् मंग फौजदार बगंल. तवर दोन दिस मी हिंडतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी माझ्यासंगं चला. ह्या नकलांतलं मला काय कळत न्हाई, तुमाला कळतं."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी सायकल काढली. दोन-अडीच महिने तिचं मागचं चाक खुळखुळायचं आणि मी ती तशीच दामटायचो. सुभेदार शेजारून चालत होते.

"दुरुस्त करून घ्या की ही," ते म्हणाले.

"वेळ कुठं मिळतोय," मी म्हणालो.

४

पहिले भाऊसो. हा माणूस माझ्यावर खार खाऊन होता, कारण साचा त्याचा, पण प्रदर्शनाच्या तक्त्यावर नाव माझ्या एकट्याचं. त्यानं चिडून आठवी नक्कल काढली असेल आणि दगड दडवला असेल, असं मी वाटेत सुभेदारांना पटवत आणलं होतं. स्वतःलाही पटवत होतो.

भाऊसो पाट्या रंगवत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला.

"आठवी कशातून काढणार? साचा कुठंय?"

"तुमच्या खोलीत," मी म्हणालो.

"होता. दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्हीच तो मोडायला लावलात, मास्तर. म्हणालात, आता पुरे झालं, उगाच कुणी गैरवापर करील. मी हळहळलो, पण मोडला. अर्जुनाच्या देखत मोडला." मग ते सुभेदारांकडे वळले. "माझं नाव घातलं नाही याचा राग आहे मला. तो मी यांच्या तोंडावर बोलून दाखवलाय. चोरी कशाला करू?"

सुभेदार बाहेर आले. मग म्हणाले, "म्हंजी आठवी नक्कल न्हाईच. मंग ही सातवी असनार."

"सातवी फुटली. वहीत नोंद आहे."

"हां, नोंद हाय," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली ती नक्कल काढली आणि उन्हात धरली. वेढ्यांच्या खाचांत पिवळं काहीतरी बसलं होतं. मी लगेच पकडलं.

"हळद आहे ही. कृष्णात!"

कृष्णात आमच्या गावचा हळदीचा दलाल. आठवड्यातले चार दिवस सांगलीच्या सौद्यात, कपडे कायम पिवळे. महिन्यापूर्वी शाळेत येऊन तो दगड बघून गेला होता आणि म्हणाला होता, "ह्यो शाळिग्राम हाय. कपाटात काय कोंडून ठेवलाय? सांगलीच्या शेटजींना द्या, शाळेला पंखे देतील." मला हायसं वाटलं. चोर मिळाला, अर्जुना सुटला आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं, असं मी एका दमात ठरवून टाकलं.

कृष्णात ओसरीवर पोती शिवत होता. नक्कल बघून हसत सुटला.

"आवं सुभेदार, गुरवारी म्या सांगलीत सौद्याला हुतो. चाळीस मानसं सांगतील. आन् देवाचा दगड चोरून देव्हाऱ्यात ठिवीन व्हय मी? देव मला ठिवंल का?" मग त्यानं बोटाच्या पेरानं ती पिवळी पूड खरवडली, चिमटीत चोळली आणि जिभेला लावली. "ही पोत्यातली न्हवं. पोत्यातली कच्ची असती, खरबरीत. ही घरातली हाय, वस्त्रगाळ. आन् नुसती हळद न्हाई, खाली तांबडं बी हाय की. कुकू हाय ह्ये."

कुंकू खरंच होतं. दगडावरचं कुंकू पुसलं की जातं. हे प्लास्टरमध्ये मुरलं होतं, खोल. सुभेदारांनी ती पुन्हा नाकाशी नेली.

"आंबूस वास येतुया. सकाळधरनं इचार करतुया कशाचा त्ये," ते म्हणाले. "दुधाचा हाय."

परतताना त्यांनी मैदानात थांबून अर्जुनाला हाक मारली. अर्जुना हुतूतूच्या पांढऱ्या रेघा आखत होता. नोकरी परवा जायची होती, तरी आखत होता.

"ह्या रेघा कशाच्या रं?"

"फुटक्या नकलांचं प्लास्टर कुटून टाकतो, साहेब. पोरांकडनं लय फुटायच्या. मास्तर एक तुकडा फेकू द्यायचं न्हाईत."

"सात नंबरची फुटली, तिचं तुकडं आलं हुतं तुज्याकडं?"

मी सायकलचं हँडल घट्ट धरलं. अर्जुनानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"ध्यानात न्हाई, साहेब," तो म्हणाला.

५

शनिवारी दिवेलागणीला सुभेदार माझ्या खोलीवर आले. दार लोटून घेतलं. टेबलावर रुमाल पसरला, त्यावर नक्कल ठेवली, आणि चाकूनं तिचा मऊ पडलेला तळ कोरायला लागले. प्लास्टर ओल्या खडूसारखं निघालं. आतून गोल गोल काहीतरी टेबलावर घरंगळलं. एक, दोन, मग पाच-सहा. गंजलेले छर्रे.

"सायकलचं हायती," ते म्हणाले. "मागच्या चाकाचं. शाळेत सायकल एकच हाय, मास्तर."

एक छर्रा टेबलाच्या कडेशी आला, तो मी बोटानं थांबवला.

"मी शिकलेला न्हाई. पर बसून इचार केला. फळीवरच्या सहा नकला मी उचलून बगितल्या. पापडागत हलक्या. ही एकच जड. कुनी कशाला नकलंत लोखंड घालंल? पोरांना दावायचं तर हलकी बी चालती. जड तवाच लागती, जवा ती अशा मानसाच्या हातात द्यायची असती, ज्याच्या हाताला खऱ्याचं वजन ठावं हाय."

बाहेर कुणीतरी गुरं नेत होतं. ती जाईपर्यंत ते थांबले.

"आता गंज. रोगण वरनं हाय, तळाला न्हाई. तळातनं पानी आत मुरलं, छर्रं गंजलं, फडक्याला डाग पडला. छर्रं एका दिसात असं गंजत न्हाईत. म्हंजी ही नक्कल कपाटातनं पेटीत गेली न्हाई. ती अडीच म्हैनं कुनाच्या तरी देव्हाऱ्यात हुती. रोज तिला आंगूळ घातली, दूध घातलं, हळदीकुकू लावलं. आन् गुरवारी तिथनं ती शाळंत परत आली."

"सुभेदार," मी म्हणालो.

"थांबा, माझं हुं द्या. आपल्याकडं घरचं मानूस गेलं की त्याचा टाक करून देवात बसवत्यात. चांदीचा करत्यात. येसूबाईनं धनाजीचा टाक केला न्हाई. ती म्हनली, त्यानं माझ्यासाठनं दगड ठेवलाय, त्योच बसवायचा. कार्तिकात वरीसश्राद्धाला मी तिथं हुतो. ती सांगत हुती, मास्तरांनी बोलल्यापरमानं दगड आणून दिला. मी त्याला हात जोडलं, मास्तर. पलटनीतला पोरगा म्हनून सलामी दिली." त्यांचा आवाज तेवढाच बारीक होता. "मंग मागल्या आठवड्यात शाळंत आलो तर कपाटावर पाटी, 'खरा जीवाश्म'. मला वाटलं, एक दगड दोन जागी कसा? म्हनून शुक्रवारी पेटी उघडाया लावली."

हे असं होतं. मुद्दाम सांगायचं म्हणजे असं, की येसूबाईंनी दगड मागितला तेव्हा प्रदर्शनाला अडीच महिने होते. मला पहिला नंबर हवा होता, सांगलीत नाव हवं होतं. म्हातारी माणसं, काय कळतंय, ट्रंकेत ठेवतील आणि विसरतील, प्रदर्शन झाल्यावर गुपचूप बदलून टाकू, असा मी हिशेब केला. वजन जुळावं म्हणून छर्रे काढले. वहीत 'फुटली' लिहिलं. साचा मोडायला लावला. तळाला रोगण लावायचं तेवढं राहिलं, कारण दगडाला कुणी रोज अंघोळ घालील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. प्लास्टर पाण्यात टिकत नाही हे मी मुलांना फळ्यावर लिहून देत होतो. देवपूजेला मी हसायचो, म्हणून ती कशी करतात हे मला माहीत नव्हतं.

आणि शुक्रवारी, पेटी उघडल्यावर, मला काही कळलं नव्हतं असं नाही. ती सातवीच, हे मला फळीवरच्या सहा बघताच कळायला हवं होतं. कळलंही. पण ते बोललो तर सगळंच बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा अर्जुना सोपा होता.

"अर्जुनानं कपाट उघडलं ते तिच्यासाठनं," सुभेदार उठत म्हणाले. "चोर असता तर चार खोटी कारनं सांगितली असती. ह्यो गप ऱ्हायला, म्हंजी कुनाला तरी झाकत हुता. मला आधी वाटलं, तिला झाकतुया. मैदानात त्यानं तुमच्याकडं बगितलं तवा उमगलं, तुमाला झाकतुया."

"तुम्ही कमिटीत सांगणार?"

"मी? मी काय बी सांगनार न्हाई. मी येसूबाईकडं बी गेलो न्हाई. ती कामं तुमची हायती." त्यांनी छर्रे रुमालात गोळा केले आणि रुमाल माझ्यासमोर ठेवला. "तुमी बोलला न्हाई, तर उद्या अर्जुना जाईल."

६

रविवारी कमिटी बसली. नऊ माणसं, चहा, आणि दाराशी अर्जुना. त्याच्याशेजारी त्याचा म्हातारा बाप, डोक्याला पटका, हातात तोच नोकरीचा कागद. तो त्यानं कशाला आणला होता कोण जाणे. दाखवायला असेल, की हा खरा आहे.

मी उभा राहिलो आणि रुमाल उघडून छर्रे टेबलावर ओतले. मग सगळं सांगितलं. 'ह्यांच्या हातात किल्ली' हे मी बोललो होतो, तेही परत बोलून दाखवलं, कारण म्हाताऱ्यापर्यंत ते पोचलेलं असणारच होतं. हेडमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला तो त्यांनी परत उचलला नाही.

अर्जुनाला मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"येसूकाकींनी ही नक्कल माझ्या हातात दिली, ती पेटीत ठिवून मी खरा दगड त्यांना नेऊन दिला. त्यांनी शपथ घातली हुती," तो म्हणाला. "म्हनल्या, मास्तरांनी माझ्या लेकाची पत्रं वाचून दावली, त्यांची आब्रू जाईल, कुनाला बोलू नको. मी आन् धनाजी एका वर्गात हुतो, मास्तर. तुमी यायच्या आधी." मग तो म्हणाला, "पर तुमच्यासाठनं गप ऱ्हायलो असं समजू नका. त्यांच्यासाठनं ऱ्हायलो."

कमिटीनं माझी वेतनवाढ थांबवली आणि विज्ञान मंडळ काढून घेतलं. नोकरी ठेवली. का ठेवली हे मी कुणाला विचारलं नाही.

तिथून मी येसूबाईंच्या घरी गेलो. अर्जुना आपणहून माझ्यामागं आला. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तो दगड होता. कुंकू ताजं, पण दगडाच्या वरवर बसलेलं. मी वाकलो आणि येसूबाईंच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. चुलीपुढं जाऊन बसल्या. मग त्यांनी विचारलं, "सांगलीला कवा जायचं हाय?"

"उद्या. पण दगड नको, मावशी. मी नकलाच नेतो."

"पोरं काय नकला बगनार व्हय? माझ्या लेकानं खरा आनला हुता." त्यांनी देव्हाऱ्यातला दगड काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हाताशेजारून पुढं नेला. "अर्जुना, तू ने. आन् तूच आन."

पूर्वी त्या घराच्या उंबऱ्याआत अर्जुनाच्या वडलांनी पाऊल टाकलं नव्हतं. अर्जुना एक क्षण घुटमळला, मग आत गेला आणि त्यानं दोन्ही हातांनी दगड घेतला.

७

सांगलीत तीन दिवस अर्जुना दगडापाशी उभा होता. मुलं विचारायची आणि तो सांगायचा, इथं समुद्र होता तिथं आता बर्फ आहे, हा तिथल्या पलटणीतल्या आमच्या गावच्या शिपायानं आणला. माझ्यापेक्षा बरं सांगायचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी कोरलेल्या तळाची, लाल-पिवळे डाग पडलेली सात नंबरची नक्कल ठेवली होती. तिच्यापुढं माझ्या अक्षरात पाटी होती : 'नक्कल. साचा : भाऊसो. लबाडी : नलवडे.' परीक्षकांना तो विनोद वाटला. नंबर आला नाही.

गुरुवारी अर्जुनानं दगड मांडीवर घेऊन इस्लामपूरपर्यंत एसटीचा प्रवास केला. मी मागच्या बाकावर होतो. इस्लामपुरात ठेवलेली सायकल घेऊन त्याच्याबरोबर चालत गावात आलो. त्यानं दगड येसूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो तोलला नाही, उलटा केला नाही, नुसता कपाळाला लावला.

मी दारातच उभा होतो. एक गोष्ट मला पोखरत होती, ती मी विचारली.

"मावशी, तुम्हाला कळलं कधी? प्लास्टर मऊ पडायला लागलं तेव्हा?"

"पयल्याच दिशी," त्या म्हणाल्या. "तुमी हातात दिला तवाच. त्यो गार लागायचा. ह्यो लागला न्हाई."

"मग अडीच महिने त्याची पूजा कशाला केली?"

"माझ्या लेकाच्या नावानं आलेला हुता. खरा येईपतूर त्योच." त्या दगड देव्हाऱ्यात ठेवत होत्या, पाठ माझ्याकडे होती. "मला वाटलं, तुमी आनून द्याल. तुमी रोज दारावरनं जायचा. सायकल खुळखुळायची. मी हातातलं काम टाकून उंबऱ्यापतूर यायची. म्हनायची, आज थांबत्याल."

मी सायकल तिथंच भिंतीला लावली आणि चालत खोलीवर गेलो.